दोन महानद्यांच्या संगमावरची काउंटी ओस का पडली?

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेचे आकडे बाहेर आले, तेव्हा एका अगदी छोट्या काउंटीचं नाव अचानक बातम्यांत झळकलं. इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकावरची अलेक्झांडर काउंटी. २०१० मध्ये तिथं ८,२३८ माणसं होती, २०२० मध्ये उरली ५,२४०. दहा वर्षांत ३६ टक्क्यांहून जास्त घट. टक्केवारीच्या हिशेबात सबंध देशात एवढी घट दुसऱ्या कुठल्या काउंटीत झाली नाही.

युद्ध नाही, दुष्काळ नाही, धरणाखाली गाव गेलं नाही. उलट नकाशा पाहिला तर वाटावं की इथं एव्हाना मोठं महानगर उभं राहायला हवं होतं. मिसिसिपी आणि ओहायो या दोन महानद्यांचा संगम याच काउंटीच्या टोकावर होतो. शिकागोही याच राज्यात, सहाशे किलोमीटर उत्तरेला. मग झालं काय?

आपल्याकडे २०२७ च्या जनगणनेची चर्चा चालू असताना ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. लोकसंख्येचा आकडा म्हणजे जन्म उणे मृत्यू एवढंच गणित, असं आपण धरून चालतो. अलेक्झांडर काउंटीचा आकडा मात्र पूल, तुरुंग, सरकारी चाळी, वर्णद्वेष आणि सीमारेषा या सगळ्यांनी मिळून घडवलेला आहे.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं पटकन सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. आपल्या जिल्ह्याला सरकारनं नेमलेला जिल्हाधिकारी असतो. काउंटीत बहुतेक कारभारी लोकांनी मत देऊन निवडलेले असतात. पोलिसांचं काम बघणारा शेरीफसुद्धा निवडून येतो. न्यायालय, जमिनीच्या नोंदी, मतदार याद्या, गावाबाहेरचे रस्ते आणि मालमत्ता कराची वसुली ही काउंटीची कामं. इलिनॉयमध्ये अशा १०२ काउंट्या आहेत. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं तिथं पन्नास लाखांहून जास्त माणसं राहतात आणि अलेक्झांडरमध्ये पाच हजार, तरी कायद्यानं दोन्ही काउंट्याच.

अलेक्झांडर काउंटी १८१९ मध्ये स्थापन झाली. विल्यम अलेक्झांडर नावाच्या सुरुवातीच्या वसाहतकाराचं, पुढे राज्याच्या राजकारणात गेलेल्या डॉक्टरचं नाव तिला मिळालं. १८४३ मध्ये तिच्या पूर्वेकडचा भाग तोडून पुलास्की काउंटी केली. १८५० च्या जनगणनेत अलेक्झांडरची लोकसंख्या घटलेली दिसते, पण ती सगळीच माणसं घर सोडून गेली नव्हती. रेघही सरकली होती. लोकसंख्येचं कोष्टक वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा: हद्द तीच आहे ना?

आज काउंटीची जमीन साधारण ६१० चौरस किलोमीटर आहे. मुख्य गाव केरो. इजिप्तची राजधानी तीच ही अक्षरं, पण तिथले लोक उच्चार 'केरो' असाच करतात आणि परक्यानं कैरो म्हटलं की ओळखतात, हा बाहेरचा. शेजारी थीब्ज नावाचं गाव आहे, पुलास्की काउंटीत कार्नाक आहे आणि सबंध दक्षिण इलिनॉयला 'छोटं इजिप्त' म्हणतात. मोठी नदी, सपाट सुपीक जमीन आणि वसाहतकारांची मोठी स्वप्नं, यातून ही नावं आली.

थोरली नदी कोणती?

शाळेत आपण शिकलो की ओहायो ही मिसिसिपीची उपनदी. केरोच्या दक्षिणेला, फोर्ट डिफायन्स नावाच्या टोकावर उभं राहिलं तर चित्र वेगळं दिसतं. डावीकडून येणाऱ्या ओहायोत सरासरी पाणी मिसिसिपीपेक्षा जास्त असतं. रंगही निराळे. मिसिसिपी गाळानं पिवळट तपकिरी आणि ओहायो बहुतेक वेळा त्या मानानं निवळ. बरंच अंतर दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता शेजारीशेजारी वाहतं. हे टोक म्हणजे इलिनॉय राज्यातली सगळ्यात सखल जागा, समुद्रसपाटीपासून जेमतेम ८५ मीटर.

काउंटीचा उत्तर भाग मात्र डोंगराळ आहे. तिथं थीब्जजवळ मिसिसिपी एका अरुंद खडकाळ खिंडीतून जाते. भूगर्भशास्त्राच्या हिशेबात ही वाट अलीकडची, हिमयुगानंतरची. त्याआधी ओहायोसुद्धा आजच्यापेक्षा उत्तरेकडून वाहत होती. तिचं जुनं रुंद पात्र आज कॅश नावाच्या एका किरकोळ नदीच्या वाट्याला आलं आहे. थीब्जचे खडक अजूनही बोटवाल्यांना छळतात. २०१२ च्या दुष्काळात मिसिसिपी इतकी उतरली की मालवाहू बार्ज अडकू नयेत म्हणून लष्कराच्या अभियंता दलाला तिथले सुळके फोडून काढावे लागले. पुरासाठी प्रसिद्ध असलेल्या काउंटीत पाण्याच्या तुटवड्यासाठी सुरुंग लावायची पाळी आली.

थीब्जच्या खाली डोंगर संपतो आणि सपाट, चिकट काळी जमीन सुरू होते. इथं एके काळी मेक्सिकोच्या आखाताचं पाणी पोचत होतं. नदी या सपाटीवर वळणं घेत फिरते, कधी एखादं वळण तोडून सरळ जाते आणि मागं नालेच्या आकाराचं तळं उरतं. हॉर्सशू लेक हे तसंच तळं. त्यात सायप्रस आणि ट्युपेलोची झाडं पाण्यात बुडं ठेवून उभी असतात. ही दक्षिणेची झाडं. दक्षिण टोक सोडलं तर इलिनॉयच्या बाकी भागात ती सहसा दिसत नाहीत. हवामान, झाडं आणि बोलीचा हेल यांच्यावरून ठरवायचं तर हा मिडवेस्ट, म्हणजे अमेरिकेचा उत्तर-मध्य पट्टा, नव्हेच. मिसिसिपीपलीकडे मिसुरी, ओहायोपलीकडे केंटकी. गुलामगिरीच्या काळात ही दोन्ही गुलामगिरीची राज्यं होती आणि त्यांच्या मधे हा 'मुक्त' राज्याचा सुळका घुसलेला. पुढच्या इतिहासाची चावी इथं आहे.

गाव कशावर मोठं झालं?

केरो वसवायचे पहिले प्रयत्न साफ फसले. १८१८ च्या कंपनीचं स्वप्न कागदावरच राहिलं. १८३७ मध्ये डॅरियस हॉलब्रुक नावाच्या उद्योजकानं पुन्हा कंपनी काढली, बांध घातले, गोद्या बांधल्या आणि १८४० च्या सुमारास तीही बुडाली. १८५० ला गावात २४२ माणसं होती.

मग रेल्वे आली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचं काम १८५६ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा ती जगातली सगळ्यात लांब रेल्वे होती आणि तिचं दक्षिणेचं टोक केरोला होतं. १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या जनरल ग्रँटनं इथंच तळ ठोकला. १८६२ च्या फेब्रुवारीत फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन या दक्षिणेच्या किल्ल्यांवरची मोहीम इथूनच निघाली. दोन्ही नद्यांच्या नाड्या या टोकावरून आवळता येत होत्या.

युद्धानंतरची भरभराट समजायला आपलं मिरज आठवावं. मिरजेला रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ येत होते, तेव्हा माणसं उतरायची, सामान उतरायचं, हमाल लागायचे, चहा खपायचा. केरोचं अगदी तसंच होतं. उत्तरेकडची रेल्वे एका मापाची, ओहायोपलीकडची दक्षिणेकडची दुसऱ्या मापाची आणि मधे पूल नाही. डबे नावेवर चढवून पलीकडे न्यायचे, चाकांचे सांगाडे बदलायचे. या खोळंब्यावर हॉटेलं, गोदामं, पिठाच्या गिरण्या, लाकडाच्या वखारी आणि बँका उभ्या राहिल्या. १८७२ च्या सुमाराची कस्टम हाउसची दगडी इमारत आणि चार्ल्स गॅलिगर या पिठाच्या व्यापाऱ्याचा 'मॅग्नोलिया मॅनर' हा वाडा आजही त्या पैशाची साक्ष देत उभे आहेत.

मग खोळंबा संपला. १८८१ मध्ये दक्षिणेकडच्या शेकडो मैल रुळांचं माप एका दिवसात बदललं गेलं. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला. १९०५ मध्ये थीब्जलाही मिसिसिपीवर रेल्वेपूल आला आणि गाड्या केरोला वळसा घालून जाऊ लागल्या. १९२९ आणि १९३८ मध्ये मोटारींचे पूल झाले. तेव्हा रस्ता निदान गावातून जात होता. १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्ग ५७ चा नवा पूल झाला आणि मोटारवाल्याला गावात शिरायचं कारणच उरलं नाही.

पुलांनी देशाचं भलं केलं यात वाद नाही. पण ज्या गावाची कमाई प्रवाशाच्या अडचणीवर चालते, त्याला अडचण दूर होणं परवडत नाही. तरीही हा ऱ्हास सावकाश झाला. केरोची सर्वोच्च लोकसंख्या १५,२०३, ती १९२० मधली, म्हणजे रेल्वेपुलानंतर तीस वर्षांनी. काउंटीची सर्वोच्च संख्या २५,४९६, ती १९४० मधली. तेव्हा सगळं खापर पुलांवर फोडता येत नाही.

'पुराला कंटाळून गेले असतील'

हा आक्षेप हमखास येतो, कारण तो सोयीचा आहे. नदीला दोष दिला की माणसं सुटतात. पण वरचा आकडा पुन्हा पाहा. १९३७ मध्ये ओहायोला शतकातला भयंकर पूर आला, केरोच्या मापकावर पाणी ५९.५ फुटांवर गेलं. आणि तीन वर्षांनी झालेल्या जनगणनेत काउंटीत इतिहासातली सगळ्यात जास्त माणसं सापडली.

मापकाचं हे प्रकरण एकदा समजून घेऊ. ५९.५ फूट ही नदीची खोली नव्हे, आणि गावात इतकं पाणी होतं असंही नव्हे. काठावर एक ठरावीक शून्य धरलेलं असतं, तिथपासून मोजलेली ही उंची. केरोला ४० फुटांवर पूर धरतात. गावाच्या भोवतीची भिंत आणि मातीचे बांध ६४ फुटांपर्यंतचं पाणी अडवतील असे बांधले आहेत. उत्तरेकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर एक अजस्र लोखंडी दरवाजा आहे, तो खाली सोडला की गावाचं बेट होतं. १८५८ मध्ये बांध फुटून गाव बुडालं होतं. पण १९२७, १९३७ आणि २०११ या तिन्ही महापुरांत केरो वाचलं.

२०११ ला अगदी थोडक्यात निभावलं. वरून पाणी येण्याआधी खालून येऊ लागलं. नदीची पातळी गावापेक्षा इतकी वर असते, तेव्हा पाण्याचा दाब बांधाच्या तळाखालच्या वाळूतून वाट शोधतो आणि गावाच्या बाजूला जमिनीतून झरा फुटतो. त्यात वाळू उकळल्यासारखी नाचत असते. झऱ्याचं पाणी स्वच्छ असेल तर काळजी कमी. गढूळ आलं तर समजायचं की बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. तो झरा बुजवायचा नसतो; बुजवला तर पाणी शेजारी दुसरीकडे फुटतं. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांची गोल विहीर रचतात, आत पाणी चढू देतात आणि त्या पाण्याच्या वजनानं खालचा दाब रोखतात. केरोत असा एक झरा इतका मोठा झाला की महापौरांनी गाव रिकामं करायचा आदेश काढला.

शेवटचा उपाय नदीपलीकडे होता. १९२७ च्या महापुरानंतर १९२८ च्या कायद्यानं मिसुरीत बर्ड्‌स पॉइंट ते न्यू मॅड्रिड असा एक शेतजमिनीचा पट्टा राखून ठेवला होता. गरज पडली की तिथला बांध आपणच फोडायचा आणि नदीला पसरायला जागा द्यायची. मिसुरी राज्य कोर्टात गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, पण स्थगिती मिळाली नाही. २ मे २०११ च्या रात्री बांध स्फोटानं उडवला गेला. तेव्हा केरोच्या मापकावर पाणी ६१.७२ फूट होतं, आजवरचा उच्चांक. पातळी उतरू लागली, गाव वाचलं आणि मिसुरीतली सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन पाण्याखाली गेली.

त्या जमिनीत पिनहूक नावाचं छोटं गाव होतं. दुसरीकडे कुणी जमीन विकत देत नव्हतं म्हणून कृष्णवर्णीय कुळांनी १९४० च्या दशकात या पूरपट्ट्यात वसवलेलं. ते पुरतं संपलं. बहुसंख्य कृष्णवर्णीय केरो वाचवण्यासाठी कृष्णवर्णीयांचंच पिनहूक बुडालं. चर्चा मात्र 'गोऱ्या शेतकऱ्यांची शेती की गरिबांचं गाव' अशीच चालली होती.

मग पुरानं काउंटीतलं कुणीच हललं नाही का? हललं. मिसिसिपीच्या बाजूच्या ऑलिव्ह ब्रांच परिसराला केरोसारखी भक्कम भिंत नाही. तिथला लेन स्मॉल नावाचा बांध १९९३ मध्ये फुटला, २०११ मध्ये फुटला आणि २०१६ च्या नववर्षाच्या पुरात पुन्हा फुटला. नदी तिथं एका लांब वळणाची मान तोडून सरळ जायला बघते आहे. २०११ नंतर सरकारनं तिथली बरीच घरं विकत घेऊन पाडली. ही माणसं खरोखर पाण्यामुळे गेली. पण १९४० नंतरची सत्तर वर्षांची घसरण यानं उलगडत नाही.

जे पाण्यानं केलं नाही

यादवी युद्धात गुलामगिरीतून सुटलेली हजारो माणसं नदीवाटे केरोला पोचली. इलिनॉय 'मुक्त' राज्य असलं तरी १८५३ च्या कायद्यानं कृष्णवर्णीयांना इथं येऊन राहायलाच बंदी होती. तरी ती आली, काही इथंच राहिली आणि १९०० पर्यंत गावात दर तिघांमागे एकाहून जास्त माणूस कृष्णवर्णीय होता.

११ नोव्हेंबर १९०९ ला विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला हजारोंच्या जमावानं भर गावात मारलं. एका गोऱ्या तरुणीच्या खुनाचा त्याच्यावर आरोप होता, खटला चाललाच नव्हता. राज्याच्या १९०५ च्या कायद्यानुसार शेरीफ फ्रँक डेव्हिसची नोकरी गेली. त्याला परत घ्यावं म्हणून गावातल्या वजनदार लोकांनी खटपट केली. तेव्हा जमावाच्या अशा हत्यांविरुद्ध लढणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून आल्या, चौकशी केली, राज्यपालांसमोर बाजू मांडली आणि डेव्हिसला खुर्ची परत मिळाली नाही. एवढ्या काळोखात कायद्यानं आपलं काम केल्याचं हे दुर्मिळ उदाहरण.

१९६२ मध्ये नागरी हक्कांचे तरुण कार्यकर्ते केरोत उतरले. जॉन लुईस आणि सोबतची मुलं गुडघे टेकून प्रार्थना करत आहेत, असं त्या वर्षीचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. ते केरोच्या पोहण्याच्या तलावाबाहेरचं. तलाव फक्त गोऱ्यांसाठी होता आणि कायद्यातून सुटण्यासाठी त्याला 'खासगी क्लब' म्हटलं जाई. सगळ्यांना खुला करण्यापेक्षा चालवणाऱ्यांनी तो बंद केला. पुढे त्यात काँक्रीट ओतलं गेलं. एका गावानं स्वतःच्याच मुलांसाठी बांधलेला तलाव स्वतःच बुजवला, म्हणजे मग कुणीच पोहायला नको.

जुलै १९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत फासाला लटकलेला सापडला. पोलीस म्हणाले आत्महत्या. लोकांना ते पटलं नाही आणि दंगल पेटली. गोऱ्यांनी हत्यारबंद टोळ्या उभ्या केल्या, पुढची काही वर्षं रात्री-अपरात्री गोळ्या चालत राहिल्या. १९६९ मध्ये पाद्री चार्ल्स कोन यांच्या नेतृत्वाखालच्या 'युनायटेड फ्रंट'नं बाजारपेठेवर बहिष्कार पुकारला. मागणी साधी होती: आमच्याकडून पैसे घेता, तर आमच्या माणसांना नोकऱ्याही द्या. बऱ्याच दुकानदारांनी नोकरी देण्यापेक्षा दुकानाला टाळं लावणं पसंत केलं.

आता आकडे लावून बघा. काउंटीत १९५० ला २०,३१६ माणसं, १९६० ला १६,०६१, १९७० ला १२,०१५. एकेका दशकात चार-चार हजार. पुलांनी कमाई हळूहळू खाल्ली होती, तशी ती कितीतरी नदीकाठच्या गावांची खाल्ली. त्यातली काही सावरली. केरोला सावरायची वेळ आली तेव्हा गावातल्या सत्ताधाऱ्यांनी अर्ध्या गावाला बाहेर ठेवायचं ठरवलं. माझ्या मते घसरणीचं खरं वळण हे आहे.

२०१० ते २०२०: आठ हजारांचे पाच हजार कसे झाले?

या दशकाचा हिशेब तुकड्यातुकड्यानं मांडता येतो. पहिला तुकडा टॅम्सचा. १९९८ मध्ये राज्यानं टॅम्स गावाजवळ कडेकोट तुरुंग बांधला. शेकडो नोकऱ्या आल्या. अमेरिकेची जनगणना कैद्याला तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते, म्हणून २०१० च्या आकड्यात काही शे कैदी काउंटीचे 'रहिवासी' म्हणून धरले गेले होते. वर्षानुवर्षं एकान्तकोठडीत ठेवण्यावरून या तुरुंगावर जोरदार टीका झाली, राज्याची तिजोरीही तंग होती. जानेवारी २०१३ मध्ये राज्यपाल पॅट क्विन यांनी तो बंद केला. माणुसकीच्या दृष्टीनं निर्णय योग्य होता, असं मला वाटतं. पण काउंटीच्या आकड्यातून कैदी गेले आणि पाठोपाठ पगारदारही.

दुसरा तुकडा सरकारी चाळींचा. केरोत एल्मवुड आणि मॅकब्राइड या १९४० च्या दशकातल्या सरकारी वसाहती होत्या. स्थानिक गृहनिर्माण मंडळानं दुरुस्तीकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवली होती. उंदीर, बुरशी, बंद पडलेलं हीटिंग. २०१६ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं मंडळाचा ताबा घेतला आणि २०१७ मध्ये जाहीर केलं की दुरुस्ती परवडणार नाही, वसाहती पाडणार. जवळपास ४०० माणसं, त्यांत निम्मी मुलं. भाड्याला मदत म्हणून व्हाउचर मिळालं, पण केरोत भाड्यानं घ्यायला धड घरंच नव्हती. मग व्हाउचर घेऊन माणसं दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यात गेली. २०१० ते २०२० मध्ये केरो २,८३१ वरून १,७३३ वर आलं. त्या अकराशेंच्या घटीत या चारशेंचा वाटा किती मोठा, ते वेगळं सांगायला नको.

तिसरा तुकडा ऑलिव्ह ब्रांचच्या पाडलेल्या घरांचा. आणि चौथा, सावकाश झिरपणारा: तरुण कामासाठी जातात, मागं म्हातारी माणसं राहतात, मग जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. हा चौथा तुकडा आपल्याला नवा नाही. २००१ ते २०११ दरम्यान रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्याही घटली होती.

'मोजणीच चुकली असेल तर?'

गरीब, भाड्यानं राहणारी, घरं बदलणारी माणसं मोजणीत सुटतात हे खरं. २०२० ची मोजणी कोविडच्या साथीत झाली, हेही खरं. पण ही घसरण एका मोजणीची नाही. १९९० ला १०,६२६, २००० ला ९,५९०, २०१० ला ८,२३८. दर वेळी वेगळी माणसं मोजायला आली आणि दर वेळी उतारच दिसला. कैद्यांचा मुद्दा मात्र रास्त आहे. ज्यांना तिथं मत देता येत नाही, ज्यांची मुलं तिथल्या शाळेत नाहीत, त्यांच्या जिवावर एखाद्या भागाचं प्रतिनिधित्व फुगतं.

माणसं कमी झाली तर बिघडतं काय?

गर्दी नाही, रहदारी नाही, बरंच की, असं मुंबईकराला वाटू शकतं. अडचण अशी की काउंटीचे खर्च माणसांच्या प्रमाणात घटत नाहीत. न्यायालय एकच, तुरुंग एकच, बांधांची लांबी तेवढीच, पण कर भरणारे निम्मे. २००९ मध्ये इथं अशी वेळ आली की हप्ते थकले म्हणून शेरीफच्या सातपैकी पाच गस्तीच्या गाड्या कर्ज देणाऱ्यांनी ओढून नेल्या. चोर पकडायला गाडीच नाही.

गावातलं रुग्णालय १९८६ मध्ये बंद झालं. २०१५ मध्ये शेवटचं मोठं किराणा दुकान गेलं. २०२३ मध्ये सहकारी तत्त्वावर नवं दुकान उघडलं, पण इतक्या कमी गिऱ्हाइकांवर ते चालवणं जड गेलं. लोक सामानासाठी पूल ओलांडून मिसुरीत किंवा केंटकीत जातात आणि त्या खरेदीवरचा विक्रीकर तिकडच्या तिजोरीत पडतो.

'संगम तर अजून तिथंच आहे!'

आहे, आणि वाहतूकही जोरात आहे. केरोच्या खाली मिसिसिपी रुंद आणि खोल होते, म्हणून बार्जचे छोटे ताफे इथं जोडून मोठे केले जातात, वर जाणारे मोठे ताफे तोडले जातात. मका आणि सोयाबीन इथून न्यू ऑर्लिन्सकडे जातात. पण जिथं शेकडो हमाल लागायचे तिथं आता एक टगबोट आणि मोजकी माणसं पुरतात. माल गावासमोरून जातो, गावात उतरत नाही. म्हणून केरोला नदीबंदर बांधायची योजना पुढं आली. राज्यानं तिच्यासाठी ४ कोटी डॉलर राखून ठेवले. बंदर झालं तर नोकऱ्या येतील, पण नोकरी करणारा केरोतच राहील याची खात्री नाही. पूल ओलांडून वीस-तीस मैलांवर त्याला दवाखाना, दुकान आणि धड घर, तिन्ही मिळतं. बंदरासोबत घरं बांधली नाहीत तर टॅम्सची पुनरावृत्ती होईल.

'मग शेजारच्या काउंटीत विलीन का करत नाहीत?'

शेजारची पुलास्की तिच्याच पोटातून १८४३ मध्ये निघालेली, २०२० ला तिथं ५,१९३ माणसं. दोन्ही मिळून दहा हजार चारशे. हिशेबाला हे पटतं. पण १८५९ पासून इलिनॉयच्या काउंट्यांची संख्या १०२ वर स्थिर आहे आणि विलीनीकरणाला लोकांचं मत घ्यावं लागतं. कोर्ट कुठल्या गावात राहणार, कुणाचं देणं कुणी फेडायचं, बांधांचा खर्च डोंगरावर राहणाऱ्यांनी का द्यायचा, हे प्रश्न लगेच उभे राहतात. शिवाय काउंटी म्हणजे नोकऱ्याही. कारकून, शेरीफचे शिपाई, कोर्टाचे कर्मचारी. दोनाची एक केली की यांतल्या निम्म्या जागा जाणार. आणि ज्या काउंटीत पगार देणारे आधीच बोटांवर मोजण्याइतके उरलेत, तिथं त्या निम्म्या जागांवरची माणसंसुद्धा बाडबिस्तरा आवरून पूल ओलांडतील.